वूशीची भागीदारी

शांघायच्या पश्चिमेस ताई सरोवराच्या काठी वसलेले वूशी हे तांदूळ आणि रेशमाच्या व्यापाराचे जुने शहर. २००१ साली ऑस्ट्रेलियात शिकलेले संशोधक शी झेंगरोंग सौर घट बनविण्याची योजना घेऊन तेथे आले. त्यांच्यापाशी विद्या होती, भांडवल नव्हते. शहर प्रशासनाने सरकारी उद्योगांकरवी सुमारे ६० लाख डॉलर उभे केले आणि ‘सनटेक’ सुरू झाली.

गिऱ्हाईक मात्र जर्मनीत होते. तेथील २००० सालच्या कायद्याने सौर वीज २० वर्षे ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी दिली होती. मागणी एका देशाच्या कायद्याने निर्माण केली, कारखाना दुसऱ्या देशातील एका शहराने उभारला. डिसेंबर २००५ मध्ये सनटेक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली.

मग बाओदिंग, चांगझोउ, शिन्यू अशी इतर शहरेही या उद्योगाच्या पाठीशी उभी राहिली. या चढाओढीतून कौशल्य वाढले, दर उतरले. सिडनीच्या प्रयोगशाळेतील अधिक कार्यक्षम घटरचना सनटेकने २००९ च्या सुमारास कारखान्यात उतरविली. आज आपल्याकडे दुकानाच्या छपरावर बसणारे पॅनेल परवडते, त्यात या चढाओढीचा वाटा मोठा आहे.

परंतु शहरांचा उत्साह संशोधनापेक्षा कारखान्यांचा आकार वाढविण्याकडे अधिक झुकला. सनटेकने २००६ साली सिलिकॉनसाठी दहा वर्षांचा करार केला. महाग असताना भाव बांधून घेणे म्हणजे काय, हे कोणत्याही पेढीवर समजावून सांगावे लागत नाही. २००८ नंतर सिलिकॉनचा भाव कोसळला आणि करारातून सुटण्यासाठी २०११ मध्ये १२ कोटी डॉलर मोजावे लागले. जर्मनीनेही हमीचा दर घटविला. मार्च २०१३ मध्ये ५४ कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड चुकली आणि वूशीतील कंपनी दिवाळखोरीत गेली.

शिन्यूची कथा अधिक बोचणारी. तेथील एलडीके कंपनीचे सुमारे ५० कोटी युआनचे कर्ज फेडण्याची तरतूद २०१२ साली शहराच्या अर्थसंकल्पात करण्यात आली. नफ्याच्या काळात भागधारक वेगळे होते. तोट्याच्या काळात सारे शहरच भागीदार ठरले.

सनटेकचा कारखाना पुढे दुसऱ्या कंपनीने सुमारे ३ अब्ज युआनला घेतला. मालक बदलले, वूशीत सौर घट बनतच राहिले.