अंक तेच, वजन दुसरे



मागे रावेर तालुक्यातल्या एका गावी केळीची बाग पाहून ओट्यावर टेकलो, तर घरच्या मावशी वही घेऊन आल्या. काट्यापाशी उभे राहून त्यांनी टिपलेले वजन ४,८५७ किलो. व्यापाऱ्याच्या पट्टीवर ४,५८७. "साहेब, माल एकच, मग हे असं कसं?"

मी वजाबाकी केली. फरक २७०, नऊने पुरा भाग जातो. म्हटले, "८ आणि ५ यांची अदलाबदल झालेली दिसते." मूळ चिठ्ठी काढली, तर तसेच निघाले. पट्टी दुरुस्त झाली. क्विंटलला हजार रुपये भाव धरला, तरी २,७०० रुपयांचा फरक!

अंक तेच राहून रक्कम किती बदलते, ते पाहायचे तर १,४२,८५७ ही संख्या घ्या. तिची दुप्पट २,८५,७१४, तिप्पट ४,२८,५७१, चौपट ५,७१,४२८, पाचपट ७,१४,२८५, सहापट ८,५७,१४२. दरवेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, रहाटाच्या गाडग्यांसारखे फिरतात. सातपट केली की मात्र ९,९९,९९९!

यात जादू नाही. १ ला ७ ने भागत गेलो, की बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी येऊन पुन्हा १ वर येते. म्हणून भागाकारात १४२८५७ हेच अंक फिरत राहतात. २ किंवा ३ ला भागले, तर याच फेऱ्यात मधून शिरतो, एवढेच.

हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळवा, मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी कागद-पेन्सिलीवर असे शोध लावले आणि जगाने त्यांचे नाव घेतले.

आता आपल्या वहीकडे वळू. ८ हा अंक दशकाच्या घरातून शतकात गेला, की ८० चे ८०० होतात. फरक ७२०, नवाच्या पटीत. कोणताही अंक घर बदलो, फरक नवाच्या पटीतच येतो. म्हणून १,४२,८५७ आणि २,८५,७१४ यांच्या फरकालाही नऊने भाग जातो. अंकांच्या बेरजेचा ताळा इथे उपयोगी नाही; ४,८५७ काय, ४,५८७ काय, बेरीज २४ च.

तेव्हा हिशेब जुळेना, तर आधी फरकाला नऊने भागा. भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी. पण ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे. एखादी नोंद राहिली, तरी असा फरक पडू शकतो. मूळ चिठ्ठी पाहिल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नका. आणि वजन काट्यापाशीच, आकड्यांबरोबर अक्षरांतही लिहून घ्या. अक्षरे अशी जागा बदलत नाहीत.