सोंग आणि संपादणी

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत सायंकाळचें एक दृश्य हल्लीं ठरलेलें असतें. देवापुढें दिवा लागलेला असतो, स्वयंपाकघरांत पानें मांडण्याची तयारी चाललेली असते, आणि आंतल्या खोलींत कॉलेजांत जाणारें एखादें पोर कानांना हेडफोन लावून संगणकाच्या पडद्यापुढें बसलेलें असतें. दोनदां हांक मारली तरी ओ येत नाहीं. तिसऱ्यांदां आलीच तर "पांच मिनिटें" एवढीच येते. आजोबा म्हणतात, "डोळे जातील." आजी म्हणतात, "पोर वाया चाललें." वडील कांहींच म्हणत नाहींत, कारण त्यांच्याहि हातांत फोन असतो. पडद्यावर नेमकें काय चाललें आहे, हें पाहण्याचे कष्ट मात्र तिघांपैकीं कोणीच घेत नाहीं.

न चाखतां पक्वान्नास नांवें ठेवणें जसें अन्यायाचें, तसेंच न चाखतां त्याची स्तुति करणेंहि अन्यायाचेंच. म्हणून या विषयावर वाचकांपुढें कांहीं मत मांडण्यापूर्वीं खेळ स्वतः खेळून पाहावा, असें आम्हीं ठरविलें. गेले तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतर रोज तासभर आम्ही आमच्या पुतण्याच्या शेजारीं बसून 'स्कायरिम' नांवाचा खेळ खेळलों. त्या पहिल्या परिचयाचा हा वृत्तांत.

या जातीच्या खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. त्यांचा उगम संगणकांत नाहीं, मेजाभोंवतीं आहे. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत चारपांच मित्रांनीं एकत्र बसावयाचें. एकानें कथा सांगावयाची, इतरांनीं योद्धा, मांत्रिक, चोर अशीं एकेक सोंगें घेऊन त्या सोंगाच्या तोंडून बोलावयाचें, आणि वार लागला कीं हुकला याचा निर्णय फांशांवर सोंपवावयाचा. पुढें कथेकऱ्याची जागा संगणकानें घेतली. बेथेस्डा या अमेरिकन संस्थेच्या 'एल्डर स्क्रोल्स' मालेंतील पहिला खेळ 1994 सालीं निघाला. 'स्कायरिम' हा त्या मालेंतील पांचवा, 11 नोव्हेंबर 2011 रोजीं प्रसिद्ध झालेला. त्याच्या 6 कोटींहून अधिक प्रती खपल्याचें त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनीं 2023 सालीं सांगितलें. नांव परकें असलें तरी वस्तु आपणांस अपरिचित नाहीं. आपल्या दारांत बहुरूपी येई, दशावतारांत गांवचा शेतकरी एका रात्रीपुरता राजा होई. सोंग आणणें निराळें आणि तें संपादणें निराळें, हा भेद आपल्या भाषेनेंच करून ठेवला आहे. आणि या खेळाचें सारें मर्म त्या भेदांत आहे.

खेळाचा आरंभ विलक्षण आहे. डोळे उघडतात ते एका घोड्याच्या गाडींत. आपले हात बांधलेले, भोंवतीं बर्फाळ डोंगर व देवदारासारखे वृक्ष, आणि सोबत तीन कैदी : एक बंडखोर शिपाई, एक घोडेचोर, व तोंडांत बोळा कोंबलेला बंडाचा पुढारी. गाडी वधस्थानाकडे चालली आहे. तेथें पोंचल्यावर एक शिपाई हातांत यादी घेऊन विचारतो, "तूं कोण?" त्याच क्षणीं सारें जग थांबतें व उत्तर देण्याचें काम आपल्यावर येतें. दहा वंशांपैकीं एक निवडावयाचा. नाक, हनुवटी, केंस, गालावरचा व्रण, सर्व आपल्या मनाप्रमाणें घडवावयाचें. "काका, मांजराच्या तोंडाचा घ्या, त्याला अंधारांत दिसतें," असें पुतण्यानें सुचविलें. आम्हीं थंडी सोसणारा एक साधा उत्तरेकडील मनुष्य घेतला. नांव सांगून झाल्यावर कळतें कीं, आपलें नांव यादींत मुळींच नाहीं. तरीहि तेथील अधिकारी बाई फर्मावतात कीं, यादी राहूं द्या, यालाहि ठोकळ्याकडे न्या. सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणाहि गृहस्थास एवढा भाग तरी काल्पनिक वाटणार नाहीं.

मान ठोकळ्यावर टेकते, कुऱ्हाड उचलली जाते, तोंच आकाशांतून एक काळा, पंख असलेला महाभुजंग उतरतो व सारें गांव पेटवून देतो. त्या धांदलींत आपण एका भुयारांतून निसटतों. आणि मग जें होतें, त्याची छाप आमच्या मनावर सर्वांत खोल उमटली. भुयाराच्या तोंडाशीं उजेड येतो. समोर दरी, खालीं नदी, दूर बर्फाचीं शिखरें. आणि कोणीहि आज्ञा देत नाहीं. सोबती म्हणतो, गांवाकडे जाऊं. पण त्याच्या मागें गेलेंच पाहिजे असें नाहीं. वाटेल त्या दिशेस चालावें. रात्र झाली कीं दोन चंद्र उगवतात, आणि कधीं आकाशांत ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे झुळझुळतात. ज्या मुलांचा सारा दिवस क्लास, परीक्षा व गुणपत्रिका यांच्या वेळापत्रकानें बांधलेला असतो, त्यांना ही मोकळीक काय वाटत असेल, हें आम्हांस त्या एका दृश्यानें कळलें.

विद्या वाढण्याची येथील रीति तर एखाद्या जुन्या उस्तादानें सांगावी अशी आहे. एकंदर 18 कला आहेत, आणि जी वापरावी ती वाढते. तलवार चालवाल तर हात तलवारीवर बसतो, लोहाराच्या भट्टीशीं घाम गाळाल तर घडणावळ सुधारते, गोड बोलून सौदे कराल तर वाणीस धार येते. हांवरटपणावर तर खेळानें मोठा मार्मिक उपाय योजला आहे. ज्या घरांत शिरावें तेथें वाडगे, झाडू, बुधले, पुस्तकें, सारें उचलतां येतें. पण प्रत्येक वस्तूस वजन आहे, आणि आपल्या शक्तीबाहेर बोजा झाला कीं धांवतां येत नाहीं, पाय ओढीत चालावें लागतें. माळ्यावर तीस वर्षांचे रिकामे डबे जपून ठेवणाऱ्या मंडळींनीं हा अनुभव अवश्य घ्यावा.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. रिव्हरवुड नांवाच्या पहिल्याच खेड्यांत एका भावाबहिणीचें दुकान आहे. दुकानांतील सोन्याचा एक पंजा चोरीस गेला आहे. तो आणून देण्याचें काम आपण पत्करतों. डोंगरावरच्या थडग्यांत शिरून तो पंजा मिळवावा लागतो, आणि तेथें उठून अंगावर येणारीं प्रेतें मारावीं लागतात. पुढें एका दाराचें कुलूप त्यानेंच उघडतें आणि त्याची किल्ली त्याच पंजाच्या तळव्यावर कोरलेली असते. हा पराक्रम झाला. परंतु त्याच दुकानांत, दुकानदाराची पाठ फिरली असतां, फळीवरची वस्तु उचलून खिशांत घालणेंहि आपल्या हातीं आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर दृष्टि रोखली तर तांबडीं अक्षरें दिसतात. दबकून चालूं लागलें कीं पडद्याच्या मध्यभागीं एक डोळा उमटतो. तो उघडला तर आपण कोणाच्या तरी दृष्टीस पडलों. मिटलेला असेल तर आपणांस कोणी पाहत नाहीं. पकडले गेलों तर पहारेकरी दंड भरा कीं तुरुंगांत चला असें विचारतो. डोळा मिटलेला राहिला तर बहुधा कांहींच होत नाहीं. कांहीं चतुर खेळाडूंनीं तर दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून, त्याची दृष्टि झांकून, दुकान धुवून नेण्याची युक्ति शोधून काढली. दुकानदार बादलीखालीं स्वस्थ उभा असतो! आम्ही पोट धरून हंसलों, हें सांगितलेंच पाहिजे.

पण हंसें ओसरल्यावर विचार येतो. आपल्या जुन्या मोक्षपटांत सद्गुणाच्या घरीं शिडी व दुर्गुणाच्या घरीं साप असे. तेथें मनुष्य कोणत्या घरांत पडावयाचा हें फांसा ठरवी, आणि पापाचें फळ तेथल्या तेथें मिळे. येथें फांसाहि नाहीं आणि मिटलेल्या डोळ्याखालीं बहुधा सापहि नाहीं. पुण्याचेंहि तसेंच, भिकाऱ्याच्या हातावर एक मोहर ठेवली तर कांहीं काळ आपली वाणी अधिक वजनदार होते, म्हणजे दानावरहि येथें व्याज मिळतें. तेव्हां चोरी करावी कीं नाहीं, दान कां करावें, यांचें उत्तर खेळ देत नाहीं. तें खेळणाऱ्यानें आपल्या पदरचें घालावें लागतें. कोणी पाहत नसतांना मनुष्य काय करतो, एवढीच ती परीक्षा आहे, आणि तिची गुणपत्रिका घरीं येत नाहीं.

अशी एक गुणपत्रिका आम्हांस अकस्मात् वाचावयास मिळाली. व्हाइटरन नांवाच्या शहरांत एका मोठ्या वृक्षाजवळ ल्युसिया नांवाची एक लहान मुलगी भीक मागत हिंडते. आमच्या सोंगानें तिची विचारपूस केली, तेव्हां ती सांगूं लागली कीं, आई वारली; मग काकाकाकूंनीं शेतीवाडी ताब्यांत घेतली आणि, तूं कोणाच्याच उपयोगाची नाहींस, असें म्हणून मला घराबाहेर काढलें. हें इंग्रजींतील वाक्य ऐकून खोलींत क्षणभर शांतता झाली. आमचे धाकटे बंधु व वहिनी गेल्यापासून पुतण्या आमच्याच घरीं वाढला आहे. तो पडद्याकडे पाहत होता.

"हिला मी पहिल्याच आठवड्यांत घरीं आणली," तो म्हणाला. "आधीं घर घ्यावें लागतें, पांच हजार मोहरांचें. मग औषधें करायची जागा काढून तिथें मुलांची खोली करावी लागते. मला औषधांचा उपयोग होता खरा." थोडें थांबून तो हंसला व म्हणाला, "खेळांतले काका तसे आहेत हो." आम्हीं विचारलें, मग ती आतां कोठें आहे? त्यानें आपला खेळ उघडून दाखविला. दारांतून आंत शिरतांच ती मुलगी धांवत आली. त्यानें तिच्यासाठीं एक बाहुली आणून ठेवली होती, ती तिला दिली. घरीं खोलीचा दिवा बंद करावयाससुद्धां चारदां सांगावें लागणाऱ्या मुलानें परक्या जगांत, कोणी पाहत नसतांना, हें सोंग किती मनापासून संपादलें होतें! ही गोष्ट त्यानें आपण होऊन कधीं सांगितली नसती, आणि "काय चाललें आहे?" या आमच्या नेहमींच्या प्रश्नाला "कांहीं नाहीं" याखेरीज दुसरें उत्तर मिळालें नसतें.

याचा अर्थ खेळ निर्दोष आहे असा नव्हे. त्यांत रक्तपात भरपूर आहे. अमेरिकेंत तो 17 वर्षें व त्यावरील वयासाठीं म्हणून नोंदलेला आहे, तेव्हां लहान भावंडांस तो शेजारीं बसवूनहि दाखवूं नये. पात्रांचें बोलणें फार लवकर पुनरुक्त होतें; गुडघ्यांत बाण लागल्यामुळें भटकंती सोडावी लागली, ही एकच कर्मकथा इतक्या पहारेकऱ्यांच्या तोंडून ऐकावी लागते कीं, त्या देशांतील धनुर्धारी दुसरीकडे नेम धरीतच नसावेत. कामें कधीं संपत नाहींत, कारण जुनीं झालीं कीं खेळ आपण होऊन नवीं निर्माण करतो. आणि सर्वांत धोक्याची वस्तु म्हणजे 'सेव्ह' करण्याची सोय. आतांची स्थिति जपून ठेवावी, मग एखाद्यास लुबाडावें, फसलें तर जपलेल्या स्थितीकडे परत यावें. जणूं कांहीं झालेंच नाहीं. बोललेला शब्द परत घेतां येत नाहीं, हें ज्ञान ज्या वयांत पक्कें व्हावयाचें, त्या वयांत ही संवय बरी नव्हे. मुलांनीं निदान एक खेळ असा खेळून पाहावा कीं, केलेली निवड पुसावयाची नाहीं.

मात्र याच सोयीमुळें घरांतील एक तंटा मिटण्यासारखा आहे. अनेकांनीं मिळून इंटरनेटवर खेळावयाच्या खेळांत मध्येंच उठलें तर सोबत्यांचा घात होतो, ही मुलांची सबब खरी असते. 'स्कायरिम' हा एकट्याचा खेळ असल्यानें तो कळ दाबतांच थांबतो, आणि बहुतेक कोठेंहि सेव्ह होतो. तेव्हां पानें मांडल्यावर "पांच मिनिटें" हें उत्तर येथें चालण्यासारखें नाहीं, हें आज्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि तो कोणत्या जातीचा खेळ आहे हें विचारल्याशिवाय रागावूं नये, हें आजोबांनीं.

आमची वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे कीं, आठवड्यांतून एक रात्र खुर्ची ओढून मुलाशेजारीं बसावें. खेळ समजला नाहीं तरी चालेल. "किती वेळ खेळतोस?" हा प्रश्न त्या रात्रीपुरता बाजूस ठेवावा आणि "तूं तेथें कोण आहेस? तेथल्या लोकांशीं कसा वागतोस?" असें विचारावें. उत्तर मिळण्यास दोनचार रात्री लागतील. मुलगा प्रथम तलवारी दाखवील, मग घोडा, मग घर. घर दाखवूं लागला कीं उठूं नये.