‘लग जाएगा’ म्हणजे गाडी थांबेलच असं नाही

तुमची मुलगी दिल्ली, नोएडा किंवा फरिदाबादच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकत असेल आणि हल्ली नखांत ग्रीस घेऊन रात्री उशिरा घरी येत असेल, तर ती बहुधा ‘बाहा’च्या टीममध्ये आहे. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. विद्यार्थी लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यात एका माणसाची, खाचखळग्यांतून धावणारी गाडी स्वतः बांधतात. ब्रेक ज्याचे त्याने जमवायचे. परदेशी तयार संच मिळतात, पण ते कॉलेजच्या बजेटमध्ये क्वचितच बसतात. मग दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे भाग आणून लावायचे.

त्यासाठी पोरं कश्मीरी गेटला जातात. गाड्यांच्या सुट्या भागांचा हा बाजार एवढा मोठा आहे की तिथे ‘नाही’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. मारुती ८००चा मास्टर सिलिंडर, बाइकचं कॅलिपर, कुठल्याशा टेम्पोचा होज असं सगळं काउंटरवर येतं आणि दुकानदार भाग हातात फिरवून म्हणतो, “लग जाएगा.” तो खोटं बोलत नाही. बोल्ट बसतो. पण तेवढ्याने गाडी थांबेल याची खात्री होत नाही, आणि पिंजऱ्यात आपलं पोर बसणार असतं.

ब्रेक हा एक सुटा भाग नाही, तो हिशोब आहे. समजा, पायाने पेडलवर ३० किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे १५० किलो झाला. मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर आतल्या तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो होतो. तोच सिलिंडर २२ मिलिमीटरचा घेतला तर दाब ३९च्या आसपास येतो. फरक फक्त ३ मिलिमीटरचा, पण पाव ताकद गेली! गंमत अशी की मोठ्या सिलिंडरचं पेडल पायाला घट्ट लागतं, म्हणून मुलांना वाटतं ब्रेक दणकट झाला. उलट सिलिंडर फार लहान घेतला तर कॅलिपरला पुरेसं तेलच जात नाही आणि पेडल खाली टेकतं. म्हणून बाजारात जाताना मुलांच्या हातात भागांची यादी असते, तिच्याबरोबर हा हिशोबाचा कागदही हवा. खिशात व्हर्नियर कॅलिपर असेल तर फारच छान.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डिस्कच्या जाडीत. बाहाच्या गाडीची चाकं लहान, रिमच्या आत जागा कमी, म्हणून बाइकची डिस्क बरी वाटते. ती साधारण ४ मिलिमीटर जाड असते. कारची डिस्क त्याच्या दुपटीहून जाड. आता कारचं कॅलिपर बाइकच्या डिस्कवर चढवलं की पहिल्या दिवशी ब्रेक उत्तम लागतो. पॅड झिजत जातात तसा पिस्टन मात्र त्याच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर येतो, आणि एका जोराच्या ब्रेकला तो सीलमधून निसटून तेल बाहेर पडू शकतं. म्हणून डिस्क आणि कॅलिपर एकाच गाडीचे घ्या. बाइकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, जुनी घेत असाल तर ती वाचा आणि मोजून बघा.

जुनं घ्यावं का? पश्चिम दिल्लीत मायापुरीचा भंगार बाजार आहे आणि तिथे चांगला मालही मिळतो. पण भंगारात काय आलंय हे विकणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसतं. २०१० साली दिल्ली विद्यापीठाचं एक जुनं उपकरण लिलावातून याच बाजारात पोचलं, त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होतं आणि एका कामगाराचा जीव गेला. ब्रेकच्या बाबतीत धोका एवढा विचित्र नाही, साधाच आहे. कॅलिपरची ओतीव बॉडी जुनी चालेल, नवं सील किट घालून. पॅड, रबरी होज आणि सील मात्र नवेच, पक्क्या बिलासह. बिल द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून ब्रेकचं काहीही घेऊ नका.

ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद आणि लहान घ्या. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उरलेला अर्धा डबा पुढच्या वर्षाच्या टीमसाठी ठेवणं ही काटकसर नव्हे.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी टीम रात्र रात्र जागतात. पेडल कितीही पंप करा, स्पंजासारखंच राहतं. अशा वेळी सिलिंडरला शिव्या देण्याआधी डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालंय का ते पाहा. हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. बाजू बदलली की तो खाली जातो आणि हवा वर अडकून बसते.

स्पर्धेचे परीक्षक यात दयामाया दाखवत नाहीत आणि ते योग्यच आहे. तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, म्हणजे एक फुटला तरी निदान दोन चाकं थांबतील. प्लास्टिकच्या नळ्या चालत नाहीत. धावत्या गाडीची चारही चाकं एका ब्रेकला जाम झाली नाहीत तर पुढच्या शर्यतीत उतरताच येत नाही.

तुमच्या घरात कॉलेजची गाडी नसून जुनी जिप्सी असेल आणि ती डोंगरात न्यायची म्हणून मोठे टायर घातले असतील, तर हिशोब तोच, फक्त उलट्या बाजूने. टायर जितका मोठा तितका ब्रेकला जोर जास्त लागतो. शिवाय ती गाडी रस्त्यावर चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि तसा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा जिप्सीला जिप्सीचेच भाग लावा. ती गुरुग्राममध्येच बनायची, त्यामुळे शोधावं लागलं तरी मिळतात.

मुलीच्या टीमला मात्र जाताना एवढं विचारा : पीथमपूरला पहाटे पॅड तुटला तर इंदूरच्या दुकानात तसाच मिळेल का? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर कश्मीरी गेटवरून पॅडचा एक जोड आणि सील किट आणखी आणायला लावा, आणि गाडीच्या सामानाच्या पेटीत सगळ्यात वर ठेवायला सांगा.