पोकळ झाडाचा कैवार

'झाड पोकळ आहे, तोडून टाका. बदली दहा रोपे लावू.' कोकणात खासगी रानाचा सौदा ठरताना हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. वरवर तो व्यवहारी वाटतो. आमच्या मते त्यातला हिशेबच चुकीचा आहे.

धनेश पक्ष्याचा संसार पाहावा. कोकणात याच कुळातल्या एकाला ककणेर म्हणतात. चोच एवढी थोरली. पण तिने झाडाला ढोली कोरता येत नाही. जुन्या, उंच वृक्षात आपोआप पडलेली ढोलीच त्याला हवी असते. फेब्रुवारीच्या सुमारास मादी आत शिरते आणि विष्ठा, माती व फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. आत तिची उडण्याची पिसे गळतात. महाधनेशाची मादी अशी तीन-चार महिने बंदिस्त राहते, आणि नर वड, उंबर, पिंपळाची फळे आणून फटीतून तिला व पिल्लाला भरवतो. त्या दिवसांत झाडावर कुऱ्हाड पडली, अथवा नराची शिकार झाली, तर सारे कुटुंबच उघडे पडते.

आज लावलेल्या दहा रोपांत अशी एकही ढोली नाही. आपल्या नातवंडांच्या हयातीत ती होईल याचीही शाश्वती नाही. रोपे लावण्यास आमचा विरोध नाही. परंतु वृक्षारोपण हा वृक्षतोडीचा परवाना ठरू नये. शिवाय गिळलेल्या फळांच्या बिया दूरवर टाकणारा धनेश हाच रानाचा जुना माळी आहे. त्याला बेघर करून आपण कोणते रान लावणार?

'हे सरकारने पाहावे,' असे कोणी म्हणेल. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतांश रान खासगी मालकीचे आहे. तिथे निर्णय सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. लोकांनी मनावर घेतले तर काय घडते, हे अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात दिसते. तेथील न्यिशी लोक धनेशाची चोच शिरोभूषणात मिरवीत. पुढे अनेकांनी कृत्रिम चोच स्वीकारली. आणि २०११ नंतर त्याच समाजातील माणसे घरट्यांची राखण करू लागली.

वाचकहो, कोकणात ज्यांची जमीन आहे त्यांच्याकडे आमचे मागणे थोडके आहे. रान तोडायला देताना जुनी झाडे आणि वड-उंबर सौद्यातून वगळावेत. पोकळ झाडाला व्यापारी तसाही भाव देत नाही. ते राखण्यात आपले नुकसान ते किती?