पालेस्त्रा म्हणजे आखाडा

१९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात इटलीहून येऊन स्थायिक झालेल्या काही मंडळींनी एक फुटबॉल क्लब काढला. त्या वर्षी इटलीचे दोन संघ, तोरिनो आणि प्रो वेर्चेल्ली, तिथे खेळून गेले होते. आपल्या लोकांचाही एक संघ असावा असे या मंडळींना वाटले. क्लबाचे नाव ठेवले पालेस्त्रा इतालिया. पालेस्त्रा हा मूळचा ग्रीक शब्द. कुस्तीची, अंगमेहनतीची जागा. म्हणजे सरळ मराठीत 'इटालियन आखाडा'.

१९४२ साली ब्राझील इटली-जर्मनीविरुद्ध युद्धात उतरला. त्या वर्षी शत्रुराष्ट्रांची नावे लावायला बंदी आली आणि क्लबाला 'इतालिया' गाळावे लागले. उरलेला 'पालेस्त्रा' तर ग्रीक होता, त्याचा मुसोलिनीशी काय संबंध? पण तेवढ्यानेही भागले नाही. सप्टेंबरात नाव पाल्मेइरास झाले, आणि २० सप्टेंबरला नव्या नावाचा हा संघ ब्राझीलचा झेंडा हातात धरून मैदानात उतरला. प्रतिस्पर्धी संघ सामना अर्धवट टाकून निघून गेला. पाल्मेइरासने विजेतेपद घेतले. हा प्रसंग तिकडे फार अभिमानाने सांगतात. मला तो वाचताना अभिमानापेक्षा संताप आला. अठ्ठावीस वर्षे त्या शहरात खेळलेल्या माणसांना झेंडा दाखवून आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावे लागले. ऑस्ट्रेलियात तर युद्ध नसतानाही इटालियन, ग्रीक, क्रोएशियन लोकांनी काढलेल्या क्लबांना फुटबॉलच्या संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरीस नावे आणि चिन्हे बदलायला सांगितले. २०१४ साली तसाच नियम पुन्हा आला आणि २०१९ साली गुंडाळावा लागला.

हे सगळे मी काशीत बसून लिहितो आहे. मी काशीतला मराठी. घरात मराठी, गल्लीत बनारसी, शाळेत खडी बोली, असा वाढलो. साओ पावलोच्या इटालियनांबद्दल मला बोलायचे आहे ते आमच्याही एका आखाड्यामुळे.

मल्लखांबाचा जो इतिहास सांगितला जातो, तो असा. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिले. बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, माकडाच्या झेपांवरून लाकडी खांबावरचे डाव बसवले आणि गुलाबला चीत केले. पुढे १८१८ साली पेशवाई गेली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्यामागून कितीतरी कुटुंबे गंगेकाठी आली. बाळंभटदादा आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ही विद्या काशीत आणली, आखाडा घातला, असे परंपरा सांगते. वणीच्या माकडाचे ज्याचे त्याने ठरवावे. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. राज्य गेलेली, नोकरी गेलेली माणसे परक्या मुलखात आली आणि आल्यावर त्यांनी जमिनीत एक खांब पुरला. शिसवी लाकडाचा, एरंडेल चोपडलेला. शेजारी मातीचा हौद, तेल, हळद आणि ताक घालून मुरवलेल्या मातीचा. दार उघडे. येईल त्याने लंगोट लावून यावे.

महाराष्ट्रातून पाहुणे येतात तेव्हा त्यांच्याजवळ काशीतल्या मराठी माणसांची एक यादी असते. पैठणहून आलेले भट घराणे. १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट. नाथांनी इथे पूर्ण केलेले भागवत. अहिल्याबाईंचे विश्वनाथ मंदिर. शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट. भदैनीतले राणी लक्ष्मीबाईचे जन्मस्थान. यादी खरी आहे, तिच्यातल्या एका नावावरही माझा आक्षेप नाही. पण त्या यादीत आखाडा नसतो. का नसतो, हे मी अनेकदा विचारले आहे. उत्तर मिळत नाही, म्हणून मीच देतो. ती यादी देणाऱ्यांची आहे. आम्ही घाट दिले, देऊळ दिले, शास्त्र दिले, काशी राखली. दात्याला कोणी परप्रांतीय म्हणत नाही. आखाडा मात्र दान नव्हे. आखाडा म्हणजे नव्या गावात आलेल्या माणसाने स्वतःसाठी आणि पोरांसाठी केलेली सोय. तो यादीत घातला, की आपण इथे आलेले लोक आहोत हेही कबूल करावे लागते.

आणि आलो होतोच की. सगळेच काही शास्त्री-पंडित नव्हते. अन्नछत्रात जेवून वेदपाठशाळेत शिकणारी पोरे आली, काशीवासाला पाठवलेल्या विधवा आल्या, स्वयंपाकी आले, हुजरे आले, पगार थकलेले शिलेदार आले. मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांच्या चाकरीत इथे होते, म्हणून मनकर्णिका इथे जन्मली. झाशीची राणी चाकरमान्याची लेक होती. खेडहून शिवराम हरी राजगुरू संस्कृत शिकायला म्हणून आला आणि इथल्या क्रांतिकारकांत सामील झाला. ही माणसे ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या गल्ल्यांत दाटीवाटीने राहिली, आपापसात मराठी बोलली, आपले सण करत राहिली. टिळकांच्या प्रेरणेने आंग्र्यांच्या वाड्यात सार्वजनिक गणपती बसला. गणपती हा काही त्या काळच्या बनारसचा घरोघरचा उत्सव नव्हता. काशीने तो चालू दिला. आज तर मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांतली किती मराठी घरातली, हे मलाही ओळखू येत नाही.

बाबूराव विष्णू पराडकरांचेच घ्या. जन्म काशीतला, १८८३ चा, घर मराठी. 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून ते हिंदी पत्रकारितेचे भीष्म झाले. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' हे शब्द हिंदीत रुळवल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 'पराडकर' हे आडनाव हिंदी माणसाच्या जिभेला काही सोपे नाही. पण ते बदला असे कोणी म्हटले नाही. मैदागिनजवळच्या पत्रकारांच्या वास्तूवर ते तसेच आहे, पराडकर स्मृति भवन.

आता मुंबईकडे वळतो, कारण खरे भांडण तिथे आहे.

जुहूच्या किनाऱ्यावर छठपूजा झाली की ती शक्तिप्रदर्शन, आणि ब्रह्मघाटावर गणपती बसला की तो बृहन्महाराष्ट्राचा सांस्कृतिक ध्वज. २००८ साली रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मुंबईत मारहाण झाली, तेव्हा मी काशीतच होतो. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात आम्हाला कोणी बोटही लावले नाही. एका पानवाल्याने तेवढे हसत विचारले, "का गुरू, तोहार लोग का करत हउवन?" मी पान घेऊन घरी आलो. त्या प्रश्नाला उत्तर द्यायची पाळी माझ्यावर कोणी आणली? ज्यांना काशीत मराठी माणूस राहतो हे फक्त पर्यटनाच्या पुस्तकात आठवते, त्यांनी.

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की आपण काशीत विद्या घेऊन गेलो, ते मुंबईत पोट घेऊन येतात. पोट घेऊनच आपणही आलो, हे वर सांगितले. आणि मुंबईत आलेल्याच्या हातात विद्या नसते हे कोणी ठरवले? दुसरा प्रतिवाद जास्त खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत मराठी शाळा बंद पडतात, कचेरीत, बँकेत मराठी चालत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण ती शाळा बंद करणाऱ्यांकडे न्यावी, कचेरीकडे, सरकारकडे न्यावी. टॅक्सीवाल्याच्या कानशिलात मारून मराठी शाळेचा एक तरी वर्ग उघडला का?

मराठी शब्द परमुलखात कसे जातात ते पाहायचे असेल तर पुन्हा मल्लखांबाकडे या. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारा, सुईदोरा. ही नावे डावांची आहेत. उज्जैनचा पोरगा खांबावर चढला की त्याचा हिंदी बोलणारा गुरू त्याला याच नावांनी डाव सांगतो. २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांब आपला राज्यक्रीडा म्हणून जाहीर केला. महाराष्ट्रातल्या कोणाला तेव्हा वाटले का, की आपला खेळ परप्रांतीयांनी पळवला? २०१९ साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, परदेशांतली पोरे येऊन खेळली. त्यांना कोणी दमदाटी करून सुईदोरा शिकवला नव्हता. शिकायचे होते, म्हणून शब्दही शिकली.

बाळंभटदादांची ती कुस्तीची गोष्ट सांगताना हल्ली अली आणि गुलाब ही नावे जरा जोर देऊन उच्चारली जातात, हे माझ्या कानांना जाणवते. तसे सांगणाऱ्यांनी बडोद्यालाही जाऊन यावे. राजरत्न माणिकराव, आडनाव तांबे, भारतीय व्यायामपद्धतींचे एवढे मोठे आचार्य. त्यांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान. माणिकरावांच्या बडोद्यातल्या संस्थेचे नाव आजही जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. मंदिर, आणि जुम्मादादांचे. आखाड्यात गुरूची जात विचारायची तर शिकायचे कधी?

काशीतल्या आखाड्यांचे अभ्यास झालेले नाहीत असे नाही. जोसेफ ऑल्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने इथल्या मल्लांमध्ये राहून १९९२ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. नीता कुमार यांनी त्याआधी बनारसच्या कारागिरांवर लिहिताना आखाड्यांची दखल घेतली. त्यांच्या पानांवरचे मल्ल गवळी आहेत, विणकर आहेत, पुजारी आहेत, पोलीस आहेत. मराठीत आम्ही लिहितो तेव्हा फक्त संस्थापक आणि त्याची गुरुपरंपरा. देवधरांचे शिष्य कोण, गोडबोल्यांचे शिष्य कोण. शिष्यांत कोणाची आडनावे कोणती होती, पहाटे हौदाची माती कोण उकरत होते, एरंडेल कोणाच्या दुकानातून येत होते, नागपंचमीच्या दंगलीत समोर कोण उभे राहत होते, यातले काही आम्ही टिपून ठेवले नाही. पाल्मेइरासचा इतिहास सांगताना संस्थापक इटालियन होते एवढ्यावर कोणी थांबत नाही. नंतर तिथे कोण कोण खेळले त्यांची नावे लहान पोरांनाही पाठ असतात. त्यांतले कितीतरी इटालियन नव्हते.

काशीतल्या मराठी आखाड्याचा इतिहास अजून लिहायचा आहे. तो लिहायला पुण्याहून कोणी येणार असेल तर अवश्य यावे, आमच्याकडे उतरावे. पण आधी एक काम करून यावे. धारावीत, भांडुपात, नालासोपाऱ्यात आझमगढ-जौनपूरच्या माणसांनी काढलेली एखादी तालीम, एखादे भजनी मंडळ, एखादा क्रिकेटचा संघ गाठावा, तिथल्या वस्तादाला त्याच्या गावाचे नाव विचारावे, आणि त्याच्या हजेरीपटात मराठी पोरे किती ते मोजून आणावे.