ट्यूमर दाखवणारा निळा उजेड: जाहिरात बाजूला ठेवून समजून घ्या

सतत डोके दुखणे, पहाटेच्या उलट्या, चाळिशीनंतर अचानक आलेली फीट. स्कॅनमध्ये मेंदूत गाठ निघाली की जिंतूरच्या माणसापुढे वाटा मोजक्याच असतात. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर मुंबईचे टाटा रुग्णालय. रेल्वेने जायचे तर गाडी पकडायलाही आधी परभणी गाठावी लागते. त्या धावपळीत कुणीतरी मोबाइलवर जाहिरात दाखवतो: 'गाठ चमकवून काढण्याचे तंत्रज्ञान'. जमीन विकून तिकडे जावे का, असा प्रश्न मग घरात निघतो.

तंत्रज्ञान खरे आहे. पण ते काय करते आणि काय करत नाही, हे आधी कळायला हवे.

कडा दिसत नाही, ही खरी अडचण

ग्लायोमा ही गाठ लिंबासारखी सुटी नसते. शेतात हराळी पसरावी तशी ती चांगल्या मेंदूत शिरलेली असते. साध्या उजेडात दोन्हींचा रंग जवळपास सारखाच. थोडे जास्त काढले तर हात, पाय किंवा वाचा जाण्याची भीती. कमी काढले तर उरलेली गाठ वाढू लागते. एमआरआयवरून बनवलेला नकाशा संगणकावर असतो, पण कवटी उघडून आतले पाणी वाहून गेले की मेंदू थोडा खाली बसतो आणि नकाशा चुकू लागतो. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच कडा दाखवणारे काहीतरी लागते.

त्यासाठी 'फाइव्ह-एएलए' नावाचे औषध पाण्यात मिसळून भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी प्यायला देतात. रक्तातील हीम तयार करण्यासाठी शरीर हाच पदार्थ वापरते. गाठीच्या पेशींत ही प्रक्रिया मध्येच अडखळते आणि एक रंगद्रव्य साचते. मायक्रोस्कोपमधून निळा-जांभळा उजेड टाकला की ते लालसर गुलाबी चमकते.

जर्मनीत ३२२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. या उजेडात ६५ टक्के रुग्णांची स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या उजेडात ३६ टक्के रुग्णांची. सहा महिन्यांनंतर गाठ पुन्हा न वाढलेले रुग्ण ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. फरक मोठा आहे. मात्र त्याच अभ्यासात दोन्ही गटांच्या एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. जाहिरातीत हे वाक्य सहसा नसते. ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठीत ऑपरेशननंतरचे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या या उजेडामुळे टळत नाहीत.

शिवाय प्रत्येक गाठ चमकत नाही. हळू वाढणारे, कमी दर्जाचे ग्लायोमा बहुतेक वेळा अंधारेच राहतात. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या मेनिंजिओमाची कडा बहुधा डोळ्यांनाच दिसते. तिथे यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही.

स्वस्त रंगही आहे

फाइव्ह-एएलए महाग आहे. पण डोळ्यांचे डॉक्टर पडद्याचे फोटो काढताना शिरेतून जे पिवळे 'फ्लुरोसिन' देतात, तेही इथे चालते आणि ते बरेच स्वस्त आहे. अमेरिकेतील मिनेसोटात जॉर्ज मूर यांनी १९४८ मध्येच ते मेंदूच्या गाठीसाठी वापरले होते. त्यात एक उणीव आहे: मेंदूच्या रक्तवाहिन्या जिथे गळतात तिथे ते जमते, त्यामुळे गाठीभोवतीची सूजही थोडी चमकते. अनुभवी सर्जनला ते ओळखता येते, मायक्रोस्कोपला योग्य फिल्टर मात्र हवा.

म्हणूनच मराठवाड्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी महागड्या औषधाची वाट पाहत बसू नये, असे माझे मत आहे. जिथे मेंदूची ऑपरेशने होतात तिथे फिल्टर आणि फ्लुरोसिनपासून सुरुवात करावी. मुंबईत टाटा स्मारकच्या न्यूरोसर्जननी फाइव्ह-एएलए आणि ऑपरेशनमधील सोनोग्राफी या दोन्हींचा अनुभव घेऊन त्यावर लिहिले आहे. शिकायला परदेशी जायची गरज नाही. आणि महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये या रंगाचा खर्च स्पष्ट लिहिलेला असावा. आदल्या रात्री नातेवाइकाच्या हातात बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडू नये.

तोपर्यंत घरच्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. स्कॅनवरून गाठ कोणत्या प्रकारची वाटते आणि ती चमकण्याची शक्यता किती? बोलण्याचा किंवा हातापायांचा भाग जवळ असेल तर तो जपण्यासाठी काय करणार? गाठ किती निघाली हे पाहायला ४८ ते ७२ तासांत पुन्हा एमआरआय होणार का? योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राकडून आधीच कळून घ्या. फाइव्ह-एएलए दिले असेल तर पुढचे २४ तास रुग्णाला उन्हापासून आणि प्रखर दिव्यांपासून दूर ठेवावे लागते, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली असेल तर पडदा ओढून घ्यायला सांगा.