नंबर विचारायचा कुणाला?

प्रति,
दूरसंचार विभाग व भाषिणी प्रकल्पाचे अधिकारी, नवी दिल्ली
आणि माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई



विताना गाय अडली किंवा ऐन ओलिताच्या दिवसांत डीपी जळाली, की आमच्या पुसद तालुक्यातल्या माणसाला आधी एक नंबर लागतो. जनावरांच्या दवाखान्याचा, नाहीतर वीज उपकेंद्राचा. तो ज्याच्याकडे असेल त्याला विचारत फिरायचं, हाच आज मार्ग. पुष्कळदा हाती येतो तो कुणा साहेबांचा स्वतःचा मोबाईल, आणि साहेबांची बदली झालेली असते.

लँडलाइनच्या काळात १९७ लावलं की पलीकडे माणूस बोलायचा. नाव अर्धवट असलं, पत्ता धड सांगता आला नाही, तरी दोन उलट प्रश्न विचारून तो नंबर काढून द्यायचा. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. पुढे मोबाईल घरोघर पोचला, त्याची डिरेक्टरी मात्र झाली नाही. खासगी नंबरांची ती होऊही नये. पण दवाखाना, पोलीस ठाणं, तहसील, रेशनचं कार्यालय यांच्या नंबरांत खासगी काय आहे? लँडलाइन मागे पडली तशी ही माहितीही विखुरली, आणि मोकळी जागा भामट्यांनी धरली. इंटरनेटवर बँकेचा ‘कस्टमर केअर’ शोधणाऱ्याला बनावट नंबर सापडतो आणि खातं रिकामं होतं. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, असं आपण सांगता. ती सोय हवीच. पण पैसे जाण्याआधी खरा नंबर विचारायला जागा नसावी, ही शासनाची चूक आहे आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

यंत्राला बोलणं कळणं आता आवाक्यात आलं आहे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची भाषिणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचं काम घेऊन उभी राहिली. मराठी तीत आहे. परंतु आमच्याकडची म्हातारी वऱ्हाडीत ‘मले दवाखान्याचा नंबर पाह्यजे’ म्हणेल; तिच्या तोंडी डोळ्याचा ‘डोया’ होतो. तांड्यांवर तर बंजारा लोक गोरमाटी, म्हणजेच लमाणी, बोलतात. अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेल्या, याच समाजातल्या वसंतराव नाईकांचं गहुली गाव याच तालुक्यातलं. तरी ही भाषा अनुसूचीत नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी बोलणारे ३२ लाखांवर लोक हिंदीच्या आकड्यात धरले गेले. अनुसूची पाहूनच कामाचा क्रम लावला, तर तांड्याची पाळी कधी येणार?

दुसरी अडचण फोनच्या आवाजाची. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पलीकडे जातो. शांत खोलीत स्वच्छ रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर शिकलेलं यंत्र तिथे अडखळतं. त्यात मोटरपंप, वारा, एसटी स्टँडचा गलका. म्हणून नमुने घ्यायचे ते बटनवाल्या मोबाईलवरून, शेतातून, बाजारातून घ्या. बायकांचे घ्या, दात पडलेल्या म्हाताऱ्यांचे घ्या. आवाज कशासाठी घेतो आहोत हे त्यांच्या भाषेत सांगून, होकार मिळवून आणि मोबदला देऊन घ्या. अमेरिकेत गुगलने २००७ ते २०१० या काळात फोनवरून दुकानांचे नंबर सांगणारी फुकट सेवा चालवली. लोकांचे आवाज गोळा करणं हा तिचा एक हेतू होता. सेवा बंद झाली, आवाजांवर शिकलेलं तंत्र कंपनीकडे राहिलं. आमच्या तांड्यांचे आवाज असे जाऊ नयेत.

आमचं मागणं असं आहे. सगळ्या कंपन्यांच्या सिमवरून लागणारा, पैसे न पडणारा एक छोटा नंबर द्या. त्याला ॲप नको, इंटरनेट नको. डोंगराच्या कुशीतल्या कित्येक वस्त्यांवर साधा कॉल लागतो तेवढाच आधार असतो. यंत्राला दोनदा कळलं नाही तर कॉल माणसाकडे जावा, रात्रीही. वाचता न येणाऱ्याला एसएमएसचा उपयोग नाही, म्हणून कॉल तिथूनच जोडून द्यावा. आणि यादीतला प्रत्येक नंबर दर महिन्याला लावून पाहण्याची जबाबदारी तालुक्यात एका अधिकाऱ्याच्या नावावर असावी. हे काम कंटाळवाणं आहे. पण ते झालं नाही तर उत्तम यंत्रही चुकीचाच नंबर सांगेल.

हे अशक्य नाही. १८००-१८०-१५५१ वर किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ पासून शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलतं आहे.

पहिला प्रयोग पुसद तालुक्यात करा. वऱ्हाडी आणि गोरमाटी इथे एकाच बाजारात ऐकू येतात, आणि कमी रेंजची गावंही इथे आहेत. येत्या खरिपाआधी आपले अधिकारी एकदा पाठवा. आवाज द्यायला माणसं जमवण्याचं काम आम्ही गावकरी करू.

आपला,
पुसदचा एक रहिवासी